ट्रॅक टाकताय, तर महिनाही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस पडून डोंगर हिरवे झाले की सह्याद्रीतल्या वाटांचे जीपीएक्स ट्रॅक, म्हणजे चालताना जीपीएसने नोंदलेल्या वाटेच्या फाइली, इंटरनेटवर भराभर येऊ लागतात. याचा मला आनंदच आहे. पूर्वी आडवळणाची घाटवाट उतरायची तर पायथ्याच्या गावातला जाणकार गाठावा लागे किंवा भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट (डोंगरदऱ्यांचे चढउतार दाखवणारा नकाशा) मिळवावी लागे, आणि तीही सहजासहजी मिळत नसे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे तयार करण्यावरची पूर्वपरवानगीची अट काढली, हेही बरेच झाले. अडचण एवढीच की बहुतेक जण नुसती रेघ टाकून मोकळे होतात.

हरिश्चंद्रगडाचेच घ्या. खिरेश्वरहून टोलार खिंडीपर्यंत वाट मळलेली आहे, खिंडीच्या वरच्या कातळटप्प्याला रेलिंग आहे. माणसे चुकतात ती त्यानंतर. पठारावर एकामागून एक टेकड्या, झाडीत जागोजागी फुटणाऱ्या ढोरवाटा आणि वर धुके. तिथे ट्रॅक नोंदवणाराही पुष्कळदा चुकून मागे फिरलेला असतो, आणि त्याची ती येरझार फाइलमध्ये तशीच राहते. मागून येणारा मोबाइलकडे बघत तीच गिरवतो. घरी आल्यावर तेवढा तुकडा कापून टाकावा आणि त्या फाट्यावर ‘डावीकडची ढोरवाट, जाऊ नये’ अशी खूण ठेवावी. पाच मिनिटांचे काम आहे.

याच गडावर बेलपाड्याहून चढणाऱ्या नळीच्या वाटेची गोष्ट निराळी. दोन्ही अंगांना उंच कडे, डोक्यावर आकाशाची जेमतेम पट्टी. उपग्रहांचे संदेश कातळावर आपटून फोनपर्यंत पोहोचतात आणि नोंदलेली रेघ खऱ्या वाटेपासून सरकते. कधी तर ती थेट कड्यातून गेलेली दिसते. अशा ठिकाणी शब्दच कामाला येतात. कातळटप्पा कुठल्या बाजूने चढायचा, दोर कुठे लागतो, दगड कुठे सुटे आहेत, हे लिहिलेच पाहिजे.

आणि महिना! फेब्रुवारीत ओढ्याच्या कोरड्या पात्रातून नोंदलेली वाट जुलैत लोंढ्याखाली असते. सप्टेंबरात गवत कमरेपर्यंत वाढते, मळलेली पायवाटसुद्धा बुजते. गडावरच्या टाक्यात जानेवारीत पाणी होते म्हणून मे महिन्यात असेलच असे नाही. महिना न लिहिलेला ट्रॅक नवख्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाणत्या ट्रेकर्सना आणखी एक विनंती. वाट स्वतः चालला असाल तर ती ओपनस्ट्रीटमॅपवरही घाला. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा खुला नकाशा कुणालाही दुरुस्त करता येतो. वाट किती अवघड, किती स्पष्ट, हे नोंदवायची सोय त्यात आहे. ऑर्गॅनिक मॅप्स, ओएसमँड ही रेंज नसताना चालणारी अ‍ॅप्स याच नकाशावर चालतात. दरड येऊन वाट गेली तर दहा ठिकाणी पडलेल्या जुन्या फाइली तशाच राहतात. इथे एकाने दुरुस्ती केली की पुढच्या अपडेटला ती सगळ्यांना मिळते. खिंडी, ओढे, पदर (डोंगरउतारावरच्या मधल्या सपाट्या) यांची नावे मात्र गावकऱ्यांना विचारून घालावीत. वाटेत मदत मागायची वेळ आली तर गावात तीच नावे कळतात. कड्यातल्या गिधाडांच्या घरट्यांच्या जागा तेवढ्या कुठेच टाकू नयेत.

आपल्या पुरवणीत ट्रेकचे लेख नेहमी येतात आणि ते वाचून अनेक जण शनिवार-रविवारी निघतात. लेखक कुठल्या महिन्यात गेला, पाणी कुठे मिळाले, वाट कुठे फुटते आणि अंधार पडण्याआधी कुठून मागे फिरावे, एवढी चौकट प्रत्येक लेखासोबत छापावी. येत्या पावसाळ्याआधी सुरू करता आली तर फार उपयोग होईल.

आपला एक वाचक,
ओतूर (ता. जुन्नर)