सेल्फ उतरवण्याआधी अर्थिंग बघा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या गाड्यांवरचा लेख वाचला. जुन्या गाड्यांचे सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरी, वारंवार जातात, असं त्यात म्हटलं आहे. माझ्या अनुभवातून मला दिसलं ते वेगळं आहे. आपल्या वाचकांपैकी कुणाचा तरी चांगला सेल्फ वाचावा म्हणून हे लिहिते.

आमच्याकडे वडिलांनी घेतलेली १९७६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. वडील गेल्यावर नऊ वर्षं ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. गेल्या वर्षी मी इंजिन उतरवून पूर्ण काम करून घेतलं. बोअर केलं, पिस्टन-रिंगा नव्या, क्रँक ग्राइंड केला, बेअरिंगं बदलली, ब्लॉकला सुंदर रंगही मारला. इंजिन चढलं, किल्ली फिरवली, तर नुसता 'टक्' आवाज. हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत, इंजिन मात्र जागचं हलेना.

गॅरेजमध्ये सांगितलं, सेल्फ गेला. त्याच्या आतले कार्बन आणि बुश बदलले. तोच 'टक्'. मग नवी बॅटरी घेतली. मग म्हणाले, नवं काम केलेलं इंजिन घट्ट असतं, या सेल्फला ते झेपत नाही. इंजिन घट्ट असतं हे खरंच आहे, रिंगा बसेपर्यंत सेल्फ जास्त करंट ओढतो, म्हणून मी विश्वास ठेवला. दुसरा सेल्फ घेतला आणि वडिलांच्या गाडीचा मूळ सेल्फ बदलीत देऊन टाकला. एकूण साडेअकरा हजार रुपये गेले. पुन्हा 'टक्'.

शेवटी एसटी स्टँडमागच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनना बोलावलं. त्यांनी सेल्फला हातच लावला नाही. मला किल्ली फिरवायला सांगून त्यांनी डॅशबोर्डपासून कार्ब्युरेटरपर्यंत जाणाऱ्या चोकच्या केबलवर बोटं ठेवली आणि लगेच मागे घेतली. केबल तापली होती. "बाई, तुमचा करंट चोकच्या वाटेनं परत चाललाय," ते म्हणाले.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध राहतो तो अर्थिंगच्या विणलेल्या पट्टीमुळे. आमची पट्टी लावलेली होती, पण ताज्या रंगावर. रंगातून वीज जात नाही, तेव्हा ती मिळेल त्या धातूतून, म्हणजे चोकच्या आणि ॲक्सिलरेटरच्या तारेतून परतत होती. तापलेली तार, आणि तिच्या टोकाला पेट्रोल भरलेला कार्ब्युरेटर! दिवे आणि हॉर्न नीट चालत होते, कारण त्यांचं अर्थिंग थेट बॉडीला आहे आणि त्यांना लागतो मोजका करंट. सेल्फला लागतात शंभर-दीडशे अँपिअर. दहावीच्या वर्गाला ओहमचा नियम मी एकतीस वर्षं शिकवला आहे. दीडशे अँपिअरच्या वाटेत ०.०२ ओहम जरी रोध आला, तरी बारापैकी तीन व्होल्ट तिथेच संपतात.

त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरली. किल्ली फिरवली तेव्हा ३.६ व्होल्ट. तिथे पाव व्होल्टसुद्धा दिसता कामा नये. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं घासून काढला, दातेरी वॉशर घालून पट्टी आवळली. आता ०.१५. पहिल्या किल्लीला इंजिन फिरलं.

वीस मिनिटांचं काम. गॅरेजवाल्यांना आणि आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकलचा ट्रेड शिकवणाऱ्या निदेशकांना माझी कळकळीची विनंती आहे की सेल्फ खोलण्याआधी ही मोजणी झालीच पाहिजे. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, कॉइलची मधली वायर काढलेली, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. किल्ली फिरवताना बॅटरीच्या दोन खांबांवर साडेनऊ व्होल्टच्या खाली आकडा गेला तर आधी बॅटरी बघा. पॉझिटिव्ह खांब आणि सेल्फचा जाड टर्मिनल यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष केबलचा, नाहीतर सोलेनॉइडचा, म्हणजे किल्ली फिरवल्यावर सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचा. निगेटिव्ह बाजू वर सांगितलीच. हे तिन्ही आकडे ठीक असतील आणि तरीही इंजिन फिरत नसेल, तर खुशाल सेल्फ उतरवा.

मुंबईत पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाल्या. या गाड्यांवर हात बसलेले कारागीर आता सत्तरीत आहेत. आपल्या पुरवणीत त्यांच्यापैकी एकेकाला बोलतं करणारं सदर सुरू करावं. आमच्या या इलेक्ट्रिशियन काकांना मी विचारलं आहे, ते तयार आहेत.

वडिलांचा मूळ सेल्फ परत मागायला मी गेले होते. तोवर त्याची तांब्याची तार काढून घेऊन बाकीचं मोडीत गेलं होतं.

एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, मिरज