झेरॉक्सवाल्या काकांना, ज्यांचा फोटो फ्लेक्सवर नव्हता

काका, नमस्कार.

तुम्ही हे वाचणार नाही, मला माहितीय. दिवसभर स्क्रीन बघून रात्री तुमचे डोळे चुरचुरतात. पण काकू वाचतील आणि जेवताना मोठ्यानं वाचून दाखवतील, तेवढं पुरे. मधेच तुम्ही "कशाला हे असलं" म्हणणार, ते एकदा म्हणून घ्या आणि मग गप ऐका.

आमची धाकटी ट्रेनिंग संपवून पहिल्यांदा वर्दीत घरी आली त्या दिवशी चौकात तिचा फ्लेक्स लागला. मोठाच्या मोठा. वर "आमच्या भगिनीची महाराष्ट्र पोलीस दलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन", मधे तिचा फोटो आणि खाली शुभेच्छुक म्हणून एकवीस जण. मी मोजले. त्यातल्या चौघांना ती ओळखते. एक गॉगलवाला आहे तो कोण हे अजून आमच्या गल्लीत कुणालाच सांगता येत नाही. वाईट काही नाही त्यात, पोरीचं कौतुक झालं, आई तर फ्लेक्सखाली उभी राहून येणाऱ्या जाणाऱ्याला कंदी पेढे देत होती, रिक्षा थांबवून देत होती. पण मी ते एकवीस फोटो दोनदा बघितले आणि त्यात तुम्ही नव्हता. म्हणून हे लिहायला बसले.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, काकांचं दुकान म्हणजे साताऱ्यात राजवाड्याकडनं खाली येताना एका बोळात असलेला जेमतेम दहा बाय आठचा गाळा. दोन झेरॉक्स मशीन, त्यातल्या एकात कायम पेपर अडकलेला, एक कॉम्प्युटर, एक लॅमिनेशनचं मशीन, पायरीवर चपलांचा ढीग, आणि मागच्या भिंतीला दोन खिळ्यांवर काकूंची जुनी पांढरी चादर. तो फोटो स्टुडिओ. बोर्डावर "झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सर्व प्रकारचे दाखले" आणि त्याखाली स्केचपेननं "घाई करू नये". सगळ्यात जास्त घाई हेच करतात हा भाग वेगळा.

आणि ते रजिस्टर! लाल पुठ्ठ्याचं, लांबडं, किराणा दुकानात उधारीला असतं तसलं. त्यात पेठेतल्या निम्म्या पोरापोरींचं सगळं लिहिलेलं आहे. लॉगिन आयडी, पासवर्ड, कुठला मोबाईल नंबर आधारला लिंक आहे, उत्पन्नाचा दाखला कधीचा, नॉन क्रिमीलेयर कुठल्या ३१ मार्चला संपतंय. सायबरवाल्या साहेबांनी हे बघितलं तर चक्कर येऊन पडतील, पण काका, तुम्ही ते रोज रात्री कपाटात कुलूप लावून ठेवता हे मी बघितलंय. आणि पोरं पासवर्ड विसरतात, दर वेळेस विसरतात, नंबर बदलतात, मग नव्या नंबरवर ओटीपी येत नाही म्हणून रडत येतात. तुम्ही आधी दोन मिनिटं मनसोक्त शिव्या घालता आणि मग रजिस्टर उघडता.

माझं स्वतःचं सांगते, हे तुम्हाला पण नीट माहिती नसेल. बारावीनंतर मला नर्सिंगला जायचं होतं. मार्क होते. तेव्हा तुमचं दुकान नव्हतं, मी एका कॅफेत फॉर्म भरला, त्यानं प्रवर्गाच्या रकान्यात ओपन टाकलं, मी पण न वाचता सबमिट म्हणाले, कारण मागं लाइन होती आणि मला वाटलं त्याला माहितीच असणार की. लिस्ट लागली तेव्हा कळलं. ते वर्ष गेलं, पुढच्या वर्षी घरात दुसरेच खर्च निघाले आणि मी मेडिकलमधे कामाला लागले ती अजून तिथंच आहे. आता त्याचं दुःख करत नाही मी, गोळ्यांची नावं नर्सपेक्षा जास्त पाठ झालीत. पण तेव्हापासनं एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पोरगं कितीही शिकलं तरी त्याच्या आणि नोकरीच्या मधे एक फॉर्म असतो, आणि तो फॉर्म भरताना शेजारी कोण बसलंय ह्यावर बरंच काही ठरतं.

धाकटीच्या वेळेस तुम्ही बसला होता.

२०२४ च्या भरतीचा फॉर्म. शेवटची तारीख ३१ मार्च, आणि आमची बाई उगवली ३० तारखेला संध्याकाळी, म्हणजे रंगपंचमीला, डोक्यापासनं पायापर्यंत गुलाबी! मला मेडिकलमधे फोन, "तुमच्या बहिणीला घेऊन जा, मी हिचा फोटो काढणार नाही." मी धावत आले तर ती पायरीवर बसलेली आणि काकू वाटीत बेसन दूध घेऊन तिचं तोंड घासतायत. तीनदा धुतलं. गाल उतरले, कपाळ उतरलं, डावा कान काय उतरेना. तुम्ही त्या चादरीपुढं तिला उभी केलीत, "दोन्ही कान दिसले पाहिजेत, नियम आहे," आणि काढला फोटो. मग केबी कमी करा, मग सही काळ्या पेननं चौकटीच्या आत, ती तीनदा चौकटीच्या बाहेर. मग लक्षात आलं की दहावीच्या मार्कलिस्टवरच्या आणि आधारवरच्या नावात एका अक्षराचा फरक आहे. तुम्ही खुर्ची मागं ढकललीत, चष्मा काढलात आणि म्हणालात, "हे मी हिला डिसेंबरात सांगितलं होतं." सांगितलंच होतं. रजिस्टरमधे तारखेसकट लिहिलेलं होतं, खाली रेघ मारून.

त्यात लाइट गेली. इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला, बॅटरी म्हातारी झालेली, पाच मिनिटं चालणार फक्त. पैसे कट झाले आणि पावती येईना. माझे हातपाय गार पडले, डोक्यात सारखा तोच जुना कॅफे. आणि तुम्ही अंधारात मोबाईलच्या उजेडात त्या पोर्टलशी असं बोलत होता जसं कोण अडलेल्या म्हशीशी बोलतं, "हां, ये, ये बाई, ये हळूच." आली पावती. साडेअकराला. नंतर ती मुदत १५ एप्रिलपर्यंत वाढली, तेव्हा मी गमतीत म्हणाले की उगीच जीव काढला आपण, तर तुम्ही किती चिडलात! "मुदतवाढ मिळंल असं धरून जो बसतो तो बसूनच राहतो."

पुढं सगळं तिचं तिनं केलं, ते श्रेय तिचंच. राज्यात १७ हजारांवर जागा आणि १७ लाखांवर अर्ज, हे पेपरात वाचून मी दोन दिवस तिला काही बोलले नव्हते. जूनमधे मैदानी चाचणी चालू झाली, वर पाऊस. आठशे मीटर ती पहाटे उठून पळायची, आधी शाहू स्टेडियमवर आणि मग दम वाढायला यवतेश्वरच्या घाटात, आमच्या साताऱ्यात पळणाऱ्याला घाट फुकट आहे. पण ग्राउंडवर हॉल तिकीट बघणाऱ्या मॅडमनी फोटो बघितला, तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, "कानाला काय झालंय?" ती म्हणाली, "रंगपंचमी." मॅडम हसल्या म्हणे. ती सांगते की त्या हसण्यानं तिच्या पोटातला गोळा गेला आणि ती सुटली ती डायरेक्ट फिनिशलाच थांबली.

आमचंच सांगत बसले तर तुमच्यावर अन्याय होईल. कोपऱ्यावर इस्त्री करतात त्यांच्या पोराची व्हॅलिडिटी, म्हणजे जातीच्या दाखल्याची पडताळणी घ्या. ओबीसी म्हटलं की १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि त्यांच्याकडं आजोबांचा शाळेचा दाखला नव्हता, कारण आजोबा शाळेतच गेले नव्हते! आता नाही गेलेल्या माणसाचा दाखला आणणार कुठनं. सगळ्यांनी सांगितलं सोडून द्या. तुम्ही म्हणालात शाळेत गेला नसंल पण जन्माला तर आला होता ना. मग गावच्या कोतवाल बुकाची, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची नक्कल, त्यासाठी तहसील कचेरीत अर्ज, नक्कल मिळाली तर ती मोडी लिपीत. मग मोडी वाचणारे एक रिटायर्ड गुरुजी तुम्ही शोधून काढलेत, त्यांना स्कूटरवर मागं बसवून दुकानात आणलंत, आणि ते भिंग लावून वाचायला लागले तेव्हा झेरॉक्सला आलेली सगळी माणसं गप उभी. गुरुजींनी बोट ठेवलं एका ओळीवर आणि पणजोबांचं नाव वाचलं. इस्त्रीवाले काका तिथंच खाली बसले. त्यांनी त्यांच्या पणजोबांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. पोरगा आता इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पण मला त्याच्या ॲडमिशनपेक्षा तो दिवस जास्त आठवतो.

करंजे पेठेतली ती चष्मेवाली पण. मार्क चांगले, पण बापाला फी झेपणार नाही म्हणून बीएचा फॉर्म घ्यायला आली होती. तुम्ही बीएचा फॉर्म काढून दिलाच नाहीत, आधी विचारलंत की घरचं उत्पन्न किती. आणि मग सांगितलंत की २०२४-२५ पासनं ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसीतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झालीय, उत्पन्न आठ लाखाच्या आत पाहिजे आणि ॲडमिशन कॅप राउंडमधनंच, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतनंच झालं पाहिजे. तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं. तुमच्या तोंडी ते "आधी कायदा वाच, मग रड" चालूच असतं. दाखल्याला मुद्दाम उशीर करतात म्हणून कुणी कुरकुरलं की लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा कागद पुढं करता आणि अपील कसं करायचं ते शिकवता.

साताऱ्यात पोरांचं कौतुक होत नाही असं नाही. अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमधे सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली तेव्हा आख्खा जिल्हा नाचला. माणमधल्या मोहीची ललिता बाबर रिओला स्टीपलचेसची फायनल पळाली तेव्हा आमच्या मेडिकलमधे गिऱ्हाईकं गोळ्या सोडून टीव्ही बघत होती. हे व्हायलाच पाहिजे. पण तुम्हीच एकदा खाशाबांचं सांगितलं होतं, ते माझ्या डोक्यातनं जात नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ. त्यांना पाठवायला पैसे कमी पडत होते तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार दिले. आणि खाशाबांनी परत आल्यावर कुस्त्या लावून ते पैसे फेडले. पदकाचा फोटो सगळ्यांनी बघितलाय, घर गहाण टाकणाऱ्याचं नाव किती जणांना माहितीय? त्या दिवशी तुम्ही हे सांगताना टोनर बदलत होता, हात सगळे काळे, आणि तुम्हाला वाटलं मी ऐकतच नाहीये.

पैशाचं तर बोलायलाच नको. "लागल्यावर दे." हे वाक्य तुमच्या बोर्डावरच लिहा आता. धाकटी पहिल्या पगारातनं पाकीट घेऊन आली तर तुम्ही तिचे फॉर्मचे, फोटोचे आणि बावीस झेरॉक्सचे धरून रुपयात हिशोब केलात आणि उरलेले परत दिलेत, वर सुटे नाहीत म्हणून कटकट. मग गेल्या दिवाळीत नोकरीला लागलेल्या पाच जणांनी मिळून इन्व्हर्टरची नवी बॅटरी आणली, तुम्ही जेवायला गेला असताना काकूंच्या मदतीनं बसवली पण. आम्हाला वाटलं जिंकलो. आणि तुम्ही काय केलंत, तर रजिस्टरमधे पाची जणांच्या नावावर बॅटरीचे पैसे जमा लिहून ठेवलेत, आणि आता त्यांच्या घरचं कुणी झेरॉक्सला आलं की त्यातनं वळते करता! आईच्या रेशनकार्डाचे चार रुपये पण वळते केलेत. ह्या हिशोबानं बॅटरी फिटायला आमची दोन आयुष्यं जातील काका.

तर आभार. मनापासनं, माझ्याकडनं, धाकटीकडनं आणि तुमच्या पायरीवर बसून रडलेल्या सगळ्यांकडनं. आणि काकूंचे वेगळे आभार, बेसनासाठी, चहासाठी आणि त्या चादरीसाठी. फ्लेक्स करणार नव्हतोच आम्ही, तुम्ही फाडून त्याच्या मागच्या बाजूनं दुकानाला पावसाचा पडदा केला असता.

एक राहिलं. शनिवारी येते, माझ्या पोराचं आधार काढायचंय. त्याच्या जन्मदाखल्यावर अजून नावच घातलेलं नाही, रकाना तसाच कोरा आहे. हो, तुम्ही दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. रजिस्टरमधे असेल लिहिलेलं, रेघ मारून. बाकी गिऱ्हाईकांसमोर ओरडू नका.

तुमची,
मेडिकलवाली ताई