मदतनीस प्रशिक्षण: रविवारच्या सरावाची आठवण

सर्वांना रामराम. पशुवैद्यकीय मदतनीस होण्यासाठी नाव दिलेल्या मुलामुलींचा सराव येत्या रविवारी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, आपल्या गटाच्या गोठ्यावर आहे. देवणी आणि लाल कंधारी जातीची जनावरं धरणं, थर्मामीटर लावणं हे होईलच (निरोगी गाईचं तापमान साधारण १०१.५ अंश फॅरनहाइट).

खरा भर मात्र लशीवर. लाळ्या-खुरकुताची लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकते; तापली तर जातेच, पण गोठली तरी वाया जाते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिलेली बाटली टोचून उपयोग नाही, आणि गावकऱ्यांचा विश्वास जातो तो वेगळाच. बर्फाचा डबा आणाच.

गाभडलेल्या (गर्भपात झालेल्या) गाईचा जार, म्हणजे वार, उघड्या हाताने कुणीही उचलू नये. गाई गाभडवणारा ब्रुसेलोसिस हा रोग त्यातून माणसालाही होतो. हातमोजे गटाकडून मिळतील.

एक स्पष्ट सांगतो: औषधोपचार नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने ती मर्यादा घातली आहे, आणि ती योग्यच आहे.

मुलींनी जास्त संख्येने यावं, शेळ्या बहुतेक घरी त्याच सांभाळतात. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत गटावर कळवावं.