परवाना एका विहिरीचा, पाणी सगळ्या वाडीचे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

एप्रिल २०२५मध्ये मुंबईतील टँकरचालकांनी संप पुकारला, महापालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन टँकर आणि विहिरी ताब्यात घेण्याची तयारी केली आणि चार-पाच दिवसांत संप मिटला. निमित्त होते ते विहिरी व कूपनलिकांच्या मालकांना गेलेल्या नोटिसांचे. केंद्रीय भूजल प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र घ्या, अन्यथा उपसा बंद करा, असा त्यांचा आशय होता. बांधकामे अडली, सोसायट्यांची तारांबळ उडाली, यावर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. प्रमाणपत्र मिळालेल्या विहिरीतून तरी किती पाणी काढावे आणि त्या उपशाने शेजारच्या विहिरीचे काय होते, हा विषय मात्र फारसा चर्चेत आला नाही. माहीममधील एका जुन्या विहिरीचा वाटेकरी या नात्याने मी त्याविषयी लिहीत आहे.

आमची विहीर चार बिऱ्हाडांच्या सामायिक मालकीची, दगडी बांधणीची आणि २८ फूट खोल आहे. रहाट केव्हाच गेला, त्याचे दोन खांब तेवढे उरले आहेत. पिण्यासाठी नळाचे पाणी आहे. धुणीभांडी, झाडे आणि फ्लशच्या टाक्या विहिरीवर चालतात. गेली ११ वर्षे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी फुटाफुटावर गाठी मारलेली, टोकाला शिशाचे वजन बांधलेली दोरी आत सोडतो आणि कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर वहीत लिहून ठेवतो. ऑक्टोबरात ते सात फुटांच्या आसपास असते आणि मेअखेरीस पंधरा-सोळा फुटांवर जाते. पाण्याची परीक्षा आमची आजी तूरडाळीवर करीत असे. दोन तास शिजूनही दाणा आख्खा राहिला की पाणी मचूळ झाले, असे ती सांगे. मी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर वापरतो, पण दोघांचा निकाल बहुधा जुळला असता.

या वहीतील दोन उन्हाळे सांगण्याजोगे आहेत. पहिल्यात दोष आमचाच होता. कठडा दुरुस्तीला पैसे हवे होते म्हणून चौघांच्या संमतीने आम्ही एका टँकरवाल्याला पाणी दिले. दिवसाला चार फेऱ्या ठरल्या होत्या, त्या आठ कधी झाल्या ते कळलेही नाही. एरवी लिटरला सहाशे मिलिग्रॅमच्या घरात असणारे क्षार पाचव्या आठवड्यात एकोणीसशेच्या वर गेले. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावे, असे ते मानक म्हणते. आम्ही टँकर बंद केला, तोपर्यंत मागच्या वाडीतील विहीरही खारट झाली होती. त्या लोकांनी एक घागरही विकलेली नव्हती. त्यांच्याशी आमचे बोलणे पुन्हा सुरू व्हायला दोन दिवाळ्या गेल्या.

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही काहीच केले नव्हते. गल्लीच्या तोंडाशी पुनर्विकासाचे काम निघाले आणि वाहनतळासाठी दोन मजली तळघर खणले गेले. खड्ड्यात झिरपणारे पाणी काढण्यासाठी तिथले पंप महिनोन्महिने रात्रंदिवस चालले आणि ते सगळे पाणी पर्जन्यवाहिनीतून समुद्राला मिळाले. एप्रिलमध्येच आमच्या दोरीची विसावी गाठ ओली झाली. तक्रार घेऊन गेलो तेव्हा एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवले आणि दुसऱ्याने तुमची विहीर नोंदलेली आहे का, असे आम्हालाच विचारले.

कायद्याचे मूळ पाहिले तर यात नवल नाही. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या जमिनीखाली झिरपणारे, ठरावीक प्रवाहात न वाहणारे पाणी काढण्याचा हक्क दिला. त्यामुळे शेजाऱ्याने खोल पंप टाकून माझ्या विहिरीखालचे पाणी ओढले, तरी तो स्वतःचेच पाणी काढतो आहे असे ठरते. राज्याचा २००९चा भूजल कायदा २०१४पासून अमलात आला. त्यात विहिरींची नोंदणी आहे, साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे, अधिसूचित क्षेत्रासाठी पाणलोटनिहाय समितीची कल्पनाही आहे. पण ती गावशिवार डोळ्यांपुढे ठेवून केलेली दिसते. भिंतीला भिंत लागलेल्या मुंबईच्या वस्तीत तिचे रूप काय असावे, याचा विचार अजून व्हायचा आहे. ना हरकत प्रमाणपत्रही एकेका विहिरीला मिळते. माहीम-दादरच्या वाळूच्या पट्ट्यात दहा विहिरी एकाच ओंजळीतून पाणी पितात, हे त्या कागदावर कुठेच येत नाही.

वाळूच्या पट्ट्यात धोका आणखी आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, म्हणून किनाऱ्यालगत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. ढोबळ हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल, तर खाली त्याचा सुमारे चाळीस फुटांचा थर असतो. वरचा एक फूट उपसून कमी झाला, की खालून खारे पाणी त्याच प्रमाणात वर सरकू लागते. एकदा आत आलेला खारेपणा धुऊन निघायला एक पावसाळा पुरत नाही; आमच्या विहिरीला तीन लागले.

महापालिकेचा आणि मुंबईच्या विहिरींचा संबंध जुना आहे, पण तो डासांपासून सुरू होतो. १९११ साली डॉ. बेंटली यांनी शहरातील हिवतापाच्या कारणांवर अहवाल दिला आणि विहिरींत वाढणाऱ्या अ‍ॅनाफिलीस स्टीफेन्सी डासांमुळे पुढे कित्येक विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. त्या काळी ते योग्यच होते. आजही कीटकनाशक विभागाचे कर्मचारी आमच्याकडे नेमाने येतात, अळ्या पाहतात, गप्पी मासे सोडतात आणि जाळी फाटली असेल तर बजावून जातात. त्यांच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. मात्र इतक्या वर्षांत पाणी किती आहे आणि कसे आहे, हे विचारायला आमच्या दारी कोणी आलेले नाही. जो माणूस जाळी तपासायला येतो, त्याच्याच हाती एक दोरी आणि एक मीटर दिले, तर वेगळा खर्च तो किती येणार?

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चार वेळा मोजते. हेच वेळापत्रक महापालिकेने प्रत्येक विभागातील काही खासगी विहिरींसाठी लावावे. मोजणीचे काम आम्हा मालकांवर सोपवावे, महापालिकेने अधूनमधून पडताळणी करावी आणि आकडे विभाग कार्यालयाच्या फलकावर लावावेत. टँकर भरणाऱ्या विहिरींना उपसा मोजणारा मीटर सक्तीचा असावा आणि क्षारांची ठरवलेली मर्यादा ओलांडली, की त्या वस्तीतील विक्रीचा उपसा पाऊस येईपर्यंत थांबावा. तळघरे खणताना काढले जाणारे पाणीही याच हिशेबात धरले पाहिजे, कारण जमिनीच्या दृष्टीने तोही उपसाच आहे.

मालकांच्या बाजूची अडचणही लपवण्यात अर्थ नाही. नोंदणी केली की नोटीस येईल, शुल्क लागेल, उद्या पुनर्विकासात विहीर आडवी येईल, या धास्तीने अनेकजण विहीर आहे हेच सांगत नाहीत. काही जण तर रातोरात डेब्रिस टाकून ती बुजवून घेतात. घरगुती वापरासाठी दंड वा शुल्क नाही, हे महापालिकेने लेखी जाहीर केल्याशिवाय या विहिरी उजेडात येणार नाहीत. मुंबईत २००२पासून हजार चौरस मीटरवरील आणि २००७पासून तीनशे चौरस मीटरवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण सक्तीचे झाले, पण मी पाहिलेले बहुतेक शोषखड्डे भोगवटा प्रमाणपत्र हाती येईपर्यंतच जिवंत होते. आवारभर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकखाली ते आता सापडतही नाहीत. त्याउलट छपराचे पाणी खडी-कोळशाच्या गाळणीतून थेट विहिरीत सोडण्याचा साधा उपाय आम्ही केला आणि खारेपणा उतरायला त्याची मदत झाली, असे वहीतले आकडे सांगतात.

सात तलावांतून रोज येणाऱ्या सुमारे ३,९०० दशलक्ष लिटरपुढे आमच्यासारख्यांच्या विहिरींचे पाणी थोडे आहे, हे मान्य. पण पाणीकपात जाहीर होताच टँकर याच विहिरींवर रांगा लावतात. महापालिकेच्या जी उत्तर (माहीम-दादर) विभागातील कोणा अधिकाऱ्याला ही मोजणी सुरू करायची असेल, तर ११ वर्षांच्या नोंदींची वही मी आनंदाने दाखवीन. तिची दोन-तीन पाने ओल्या हातांनी खराब झाली आहेत, पण आकडे वाचता येतात.

आपला,
एक विहीरमालक, माहीम, मुंबई