जुन्या तारकासूची पारखायच्या कशा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या ‘गाया’ या युरोपीय अवकाशयानाच्या तारकासूचीवरील (म्हणजे ताऱ्यांच्या स्थानांच्या यादीवरील) आपल्या पुरवणीतील लेख माहितीपूर्ण होता. मात्र जमिनीवरून वेध घेऊन केलेल्या सूची आता टाकाऊ झाल्या, हे त्यातील विधान घाईचे वाटते.

सूचीसोबत छापलेला त्रुटीचा (संभाव्य चुकीचा) आकडा बहुधा एवढेच सांगतो की, तोच तारा पुन्हा पुन्हा पाहिल्यावर आकडे आपापसांत किती जुळले. वातावरणातील वक्रीभवनाचे गणित किंवा दुर्बिणीच्या नळीला आलेला बाक सगळ्याच वेधांना एका बाजूला ढकलत असेल, तर आकडे उत्तम जुळूनही चुकलेलेच राहतात, आणि ती चूक पकडायला बाहेरचा साक्षीदार लागतो. १९८८ च्या ‘एफके५’ या जमिनीवरून केलेल्या सूचीतील १,५३५ मूलभूत (इतरांची स्थाने मोजायला आधार धरलेल्या) ताऱ्यांमागे कित्येक दशकांचे याम्योत्तर वेध (तारा दक्षिणोत्तर रेषा ओलांडताना घेतलेले वेध) होते. तरीही १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या हिप्पार्कोस उपग्रहाच्या सूचीशी ती ताडून पाहिली, तेव्हा आकाशाच्या काही भागांत सुमारे ०.१ विकलेपर्यंत (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) एकतर्फी तफावत आढळली.

इथवर लेखकांशी माझे दुमत नाही. पण तारे जागचे हलतात, आणि त्यांची निजगती (आकाशातील स्थान दरवर्षी किती सरकते ते) काढायची तर जुने स्थान हवेच. १८८७ मध्ये पॅरिसला ठरलेल्या आकाश-छायाचित्रण प्रकल्पात हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने दक्षिण क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर) १७ ते २३ अंशांचा आकाशाचा पट्टा मोजून दिला (आमचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता). त्या छायाचित्रांच्या काचपट्ट्यांवरील स्थानात ०.२ विकलेची चूक धरली, तरी जुन्या-नव्या वेधांमधल्या सुमारे ८० वर्षांवर विभागल्यावर ती वर्षाला २.५ सहस्रांश विकला एवढीच उरते. २००० सालच्या ‘टायको-२’ सूचीत सुमारे २५ लाख ताऱ्यांच्या निजगती याच प्रकल्पाच्या आणि इतर १४३ भूस्थित सूचींच्या आधाराने काढल्या आहेत.

जोडताऱ्यांच्या (एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या) बाबतीत तर पारडे कधी कधी उलटेही फिरते. हिप्पार्कोसने जेमतेम साडेतीन वर्षे वेध घेतले. ज्या जोडीला एक फेरी पुरी करायला कित्येक दशके लागतात, तिच्या कक्षेचा छोटासा तुकडा त्याला सरळ चाल भासतो आणि तो निजगतीत मिसळतो. ‘एफके५’मागील दीर्घकाळच्या वेधांत हे हेलकावे बरेचसे सरासरीत विरून जातात. म्हणूनच हायडेलबर्गच्या खगोलशास्त्रज्ञांनी दोन्ही सूची एकत्र करून ‘एफके६’ सिद्ध केली.

आपला,
एक हौशी आकाशनिरीक्षक, परभणी