अस्सल बरहुकूम नक्कल

तीर्थस्वरूप काका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र चारचौघांत वाचलं जाईल असं लिहितेय, पण तुमचं नाव त्यात घालत नाही. वाचनालयाच्या वार्षिक अहवालातली ग्रंथपालाच्या नावाची ओळ तुम्ही स्वतः खोडायचात, ते मी पाहिलंय. बार्शीतले माझ्या वयाचे लोक तुम्हाला नावाशिवायही ओळखतील.

मी बालविभागातली, सभासद क्रमांक २१४. बार्शी लाइट या छोट्या रेल्वेवर पॉइंट्समन होते त्यांची मधली मुलगी. अनामत दोन रुपये होती आणि ती तुम्ही माझ्याकडून तीन हप्त्यांत घेतलीत. आता सत्तावन्न वर्षांची आहे. टेलिफोन खात्यात नोकरी झाली, ३१ जानेवारी २०२० ला स्वेच्छानिवृत्ती घेतली, पुण्यात राहते. अकराव्या वर्षापासून आजपर्यंत विज्ञानकथा वाचल्याशिवाय माझा एकही महिना गेलेला नाही. बाळंतपणातसुद्धा उशाशी एक असायची.

२० मे २०२५ च्या सकाळी जयंत नारळीकर गेल्याची बातमी आली. चहा तसाच निवला. त्यांना मी आयुष्यात एकदाच, लांबून, एका व्याख्यानाला पाहिलं होतं. त्यांची पुस्तकं मात्र तुमच्या हातून घेतली होती. मंगळवार होता, म्हणजे आपल्याकडे नवीन पुस्तकं दाखल करायचा दिवस. तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवते का, माहीत नाही. जुलै १९७९. आषाढी होऊन गेली होती, पंढरपूरहून परतणारे वारकरी अजून छोट्या गाडीला लोंबकळून येत होते, आणि गावात विषय एकच: स्कायलॅब. अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा, सत्याहत्तर टनांची, खाली येणार आणि कुठं पडणार ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. आमच्या चाळीत ती बार्शीवरच पडणार हे ठरून गेलं होतं. शेजारच्या मावशींनी महिन्याचा गूळ एका दिवसात संपवून पुरणपोळ्या केल्या. उद्या राहिलोच नाही तर डबा भरून काय करायचा, म्हणाल्या. मी रात्र रात्र जागी असायचे. त्या दिवशी शाळा सुटल्यावर घरी न जाता वाचनालयात आले, कारण वाचनालयाला जाड माळवद होतं आणि आमच्या खोलीवर पत्रा.

तुम्ही विचारलंत, "काय गं, कुठलं पुस्तक पाहिजे?"

मी म्हटलं, "पुस्तक नको. स्कायलॅब पडेपर्यंत इथं बसू का?"

तुम्ही हसला नाहीत. मोठी माणसं मुलांच्या भीतीला हसतात, तसं काहीच केलं नाहीत. कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढलात, उपरण्याने पुसलात आणि म्हणालात, "डोळे मिट, गोल फिरव, बोट ठेव. दहादा." सात वेळा बोट पाण्यावर पडलं. एकदा आफ्रिकेत, एकदा चीनमध्ये. एकदा रशियाच्या पार वर लागलं, तर ते तुम्ही बाद केलंत, कारण ती प्रयोगशाळा पन्नास अक्षांशांच्या पलीकडे जातच नाही म्हणालात. बार्शी एकदाही आली नाही. "आता घरी जा, आणि मावशींनाही हे करून दाखव." ११ जुलैला स्कायलॅब पडली ती हिंदी महासागरात, काही तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात.

दुसऱ्या दिवशी मी परत आले, ते पुस्तक मागायलाच. तुम्ही भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेली ज्यूल व्हर्नची चंद्रमोहीम दिलीत. पुठ्ठा सुटलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या. ती मी दोन रात्रींत स्टेशनच्या दिव्याखाली वाचली. अडीच फुटी रुळांवरून आमची गाडी जायची, तिच्याबरोबर सायकलवाला सहज शर्यत लावायचा, आणि मी त्या रुळांशेजारी बसून माणसं तोफेच्या गोळ्यातून चंद्राकडे निघालेली वाचत होते. तोफ उडाली, माणसं आकाशात गेली आणि पुढची चार पानं नव्हतीच. मी रडत तुमच्याकडे आले. तुम्ही पुस्तक उघडून पाहिलंत, "हं" म्हणालात आणि ते टेबलाच्या खणात ठेवून दिलंत. मला वाटलं, झालं, गेलं ते रद्दीत.

तीन आठवड्यांनी तुम्ही ते परत दिलंत. नवं बायंडिंग, आणि शेवटी चार पानं तुमच्या हातची. निळी शाई, आखीव कागद, छापील पानाइतक्याच ओळी. जिथं छापील पान संपत होतं तिथंच तुमचंही पान संपलेलं, वाक्य अर्ध्यावर तोडून. तुम्ही सुट्टीच्या दिवशी एसटीने सोलापूरला गेला होतात, तिथल्या वाचनालयात बसून ती उतरवून घेतली होतीत, हे मला पुढं शिपाईमामांनी सांगितलं. शेवटच्या पानाखाली लहान अक्षरात लिहिलं होतं, "अस्सल बरहुकूम नक्कल", आणि तारीख. जुन्या दस्तांच्या नकलेवर लिहितात तसं. एका अकरा वर्षांच्या मुलीची गोष्ट अर्धवट राहू नये म्हणून एवढं कोण करतं, काका? मी पुढं खूप वाचनालयं पाहिली, मोठी, वातानुकूलित. असं कुणी करताना पाहिलं नाही.

पुस्तक परत करताना तुमचा प्रश्न ठरलेला असायचा: "यातलं खरं किती?" इतर मुलांना तुम्ही फक्त "आवडलं का?" विचारायचात. मला त्यासाठी वही घालायला लावलीत. डाव्या पानावर गोष्टीत काय म्हटलंय, उजव्या पानावर ते होऊ शकेल का. नववीत गतीची समीकरणं शिकले त्याच आठवड्यात तुम्ही ती जुनी चंद्रमोहीम पुन्हा माझ्यापुढं ठेवलीत. व्हर्नची तोफ नऊशे फूट लांब. पृथ्वी सोडायला वेग लागतो सेकंदाला ११.२ किलोमीटर. नळीच्या आतल्या आत तेवढा वेग गाठायचा तर लागणारं त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. मी तीनदा आकडेमोड केली, कारण उत्तरावर विश्वास बसेना. गुरुत्वाकर्षणाच्या तेवीस हजार पट! त्या गोळ्यातल्या माणसांचा पहिल्याच क्षणी चेंदामेंदा झाला असता.

"म्हणजे गोष्ट खोटी?" मी विचारलं. माझा चेहरा पडला होता.

तुम्ही म्हणालात, "तोफ खोटी. पण बघ, व्हर्नने १८६५ मध्ये तीन माणसं पाठवली आणि फ्लॉरिडातून पाठवली. अपोलो ११ मध्ये किती जण होते, आणि ते कुठून उडालं?" मग मासिकांच्या जुन्या फायलीतून १९६९ चा अंक काढून दिलात आणि चहाला निघून गेलात. तुम्ही नेहमी असं अर्ध्यावर सोडून चहाला जायचात.

ती वही अजून आहे. चंद्रावरचा माणूस पृथ्वीशी फोनवर बोलतो त्या गोष्टीपुढं माझ्या नववीतल्या अक्षरात लिहिलंय: "अंतर ३,८४,००० कि.मी., आवाज पोचायला सव्वा सेकंदाहून थोडं जास्त, उत्तर यायला अडीच. लेखक विसरले." खाली तुमची लाल शाईतली बरोबरची खूण.

नारळीकरांची ती हकिकतही तुम्हीच सांगितलीत. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली, ती स्वतःच्या नावानं नव्हे. एवढ्या नावाजलेल्या शास्त्रज्ञाचं नाव पाहून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून आद्याक्षरं उलटी केली आणि नारायण विनायक जगताप झाले. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी आपल्या हातानं उतरवली. पहिलं बक्षीस मिळालं. तुम्ही हे सांगत असताना मला सारखी ती निळ्या शाईची चार पानं दिसत होती. तुमचं लक्ष सगळं नारळीकरांच्या सचोटीवर, माझं मंगलाताईंच्या हातावर. तेव्हा बोलले नाही, आज सांगते.

बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, सगळे तुमच्या टेबलावरून माझ्याकडे आले. गल्लीतले लोक वडिलांना म्हणायचे, पोरीला शिवणकाम शिकवा, हे काय राक्षसांचं वाचतेय. वडिलांनी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही काय सांगितलंत ते मला कधीच कळलं नाही, पण त्या दिवसानंतर वडील रात्रपाळीहून येताना आपला हातकंदील माझ्यासाठी पेटताच ठेवायचे.

१९८८ मध्ये पुण्याला टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. निघताना तुम्ही ती चंद्रमोहीम माझ्या हातात दिलीत. जीर्ण म्हणून ती यादीतून निघाली होती, तुम्ही तिची किंमत खिशातून भरून पावती केली होतीत. पावती अजून पुस्तकातच आहे.

आता तुम्हाला कधीच न सांगितलेली गोष्ट. त्या काळी परदेशचा कॉल जोडला की दोन्हीकडचा आवाज नीट पोचतोय का, ते आम्हाला क्षणभर ऐकावं लागे. आई इकडून म्हणायची, "जेवलास का?" आणि मग काहीच नाही. तिला वाटायचं लाइन तुटली, ती पुन्हा "हॅलो, हॅलो" करायची, तेवढ्यात तिकडून "हो आई" यायचं आणि दोघांचे आवाज एकमेकांवर आदळायचे. माझ्या शेजारच्या मैत्रिणी लाइनला नावं ठेवायच्या. मला पहिल्याच आठवड्यात कळलं की लाइन चांगली आहे, हे अंतर आहे. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर. वर छत्तीस, खाली छत्तीस, बहात्तर हजार. भागिले प्रकाशाचा वेग, सेकंदाला तीन लाख. पाव सेकंद जायला, पाव सेकंद यायला. कागदाची गरज पडली नाही, तुम्ही हात बसवून दिला होतात. त्या अर्ध्या सेकंदात मी आयांना सांगायचे, "थांबा हं आई, आवाज आकाशातून येतोय." बऱ्याच जणी खरंच थांबायच्या.

पुढं आमच्या बॅचला नारायणगावजवळ आर्वीचं उपग्रह केंद्र दाखवायला नेलं होतं. १९७१ पासूनचं. शेतं, मेंढरं, आणि मध्येच ती अवाढव्य तबकडी आकाशाकडे तोंड करून. आर्थर क्लार्कने १९४५ मध्येच लिहून ठेवलं होतं की एवढ्या उंचीवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीबरोबर फिरेल, एका जागी उभा असल्यासारखा दिसेल आणि त्याच्यावरून संदेश पाठवता येतील. विज्ञानकथा लिहिणाऱ्या माणसाचा तो साधा तांत्रिक लेख होता, आणि तेव्हा आकाशात एकही उपग्रह नव्हता. मी तबकडीच्या सावलीत उभी राहून मनात म्हटलं, काका, यातलं सगळं खरं.

त्याच सुमारास मी स्वतः एक कथा लिहिली. मंगळावर वस्ती आहे आणि पुण्यातली ऑपरेटर तिथले कॉल जोडते. प्रश्न पोचायलाच कधी तीन मिनिटं, कधी बावीस. मधल्या वेळात इकडचा माणूस ऑपरेटरशीच बोलत राहतो. स्पर्धेला पाठवली, बक्षीस मिळालं नाही. मग तुम्हाला पाठवली. तुमचं कार्ड आलं, दोन ओळींचं: "आकडे सगळे बरोबर आहेत. पण अगं, यात खोटं कुठंय?"

मला तेव्हा राग आला होता, आज कबूल करते. इतकी वर्षं खरं किती विचारलंत आणि आता खोटं मागता? मी कार्ड वहीत ठेवलं आणि लिहिणं सोडलं. कळायला तीस वर्षं लागली. माझ्या त्या ऑपरेटरला मीच काही हवंसं वाटू दिलं नव्हतं. ती बोर्डावर बसून हिशेब बरोबर करत होती, एवढंच. मंगळावरून येणाऱ्या आवाजांपैकी एखाद्याची ती वाट बघते, हे मी लिहिलंच नव्हतं, कारण त्याला उजव्या पानावर पुरावा नव्हता.

काका, स्कायलॅबच्या दिवशी मला बसू दिलंत त्याबद्दल, त्या चार पानांबद्दल, पावतीबद्दल, आणि त्या दोन ओळींबद्दलही, मी तुमची मनापासून आभारी आहे. हे आधीच लिहायला हवं होतं.

तुमच्या सूनबाईंशी फोनवर बोलले. म्हणाल्या, ऐकू छान येतं, अक्षर मात्र आता दिसत नाही. तेव्हा हे पत्र त्याच तुम्हाला वाचून दाखवतील. त्यांना माझा नमस्कार, आणि थोडं सावकाश वाचा म्हणावं.

पुढच्या रविवारी सोलापूरला येतेय. येताना ती चंद्रमोहीम आणते. छापील भाग तुम्हाला पाठ असेल, पण शेवटची चार पानं वाचून दाखवते. आणि ऑपरेटरची गोष्ट पुन्हा लिहून काढली आहे, आखीव कागदावर, निळ्या शाईने. तीही ऐकवते. झाल्यावर दोन्हीपैकी कुठलाही प्रश्न विचारा.

तुमची आज्ञाधारक,
बालविभाग, सभासद क्रमांक २१४