आकडा कुठून आला ते आधी विचार

चि. सायलीस,

अनेक आशीर्वाद. वीज वितरण कंपनीच्या डेटा विभागात तू रुजू होते आहेस. मॉडेल कोणतं घ्यायचं हे तुला माझ्याहून जास्त कळतं. मी लिहिते आहे त्याच्या पोटात जाणाऱ्या आकड्यांबद्दल, कारण आपल्या धंद्यात एआय बहुतेक वेळा तिथेच फसतं.

आधी तुला मागणीच्या अंदाजाचं काम मिळेल. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक, प्रत्येकाला किती मेगावॅट लागतील ते आदल्या दिवशी कळवायचं. चुकलं की विचलनाचा भुर्दंड. फिडरचा, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीचा, जुना डेटा उघडलास की कृषी फिडरवर जागोजागी शून्यं दिसतील. त्या फिडरला थ्री फेज ठरलेल्या तासांतच मिळते, बाकीच्या वेळी पंप बंद असतात कारण वीजच नसते. मॉडेलला हे सांगितलं नाहीस तर ते शिकतं की त्या वेळी शेतकऱ्याला पाणी नकोच होतं. म्हणून पाळीचं वेळापत्रक आणि उपकेंद्राच्या लॉगबुकातली ट्रिपिंगची, म्हणजे बिघाडाने वाहिनी आपोआप बंद पडल्याची, नोंद, दोन्ही वेगळ्या रकान्यांत घाल.

वीज परत आल्यानंतरचा काळही बाजूला काढ. पंपांना ऑटोस्विच लावलेले असतात. सप्लाय येताच सगळे एकदम उठतात. सुरू होतानाची मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. तो झटका काही सेकंदांचाच, पण डीपी, म्हणजे वस्तीला वीज देणारं छोटं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), जळायला तो पुरतो. त्यानंतरही सगळे पंप एकाच वेळी चालत राहिल्याने भार चढाच दिसतो. ती मागणीतली वाढ समजू नकोस. शिवाय २०१७ पासूनच्या सौर कृषी वाहिनी योजनेमुळे जे फिडर दिवसा चालू लागले, त्यांचा जुना रात्रीचा डेटा मॉडेलला चुकीचंच शिकवेल. तो काढून टाक.

५ एप्रिल २०२० ची रात्र तुला आठवत असेल. नऊ वाजता नऊ मिनिटं देशभर दिवे बंद करायचे होते. मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटने घटेल असा अंदाज होता, घटली ३१ हजारांहून अधिक. अशा गोष्टीला मागचा दाखला कुठून असणार? जलविद्युत संच आधी चढवून ठेवले होते आणि नेमक्या वेळी झपाट्याने उतरवले, म्हणून ग्रिड सावरली. तुझ्या प्रणालीत ऑपरेटरला अंदाज हाताने बदलण्याची सोय ठेव आणि त्याने तो का बदलला ते लिहायला जागाही ठेव.

आता गळतीबद्दल. इथे चूक झाली तर माणसावर चोरीचा आळ येतो, म्हणून सविस्तर लिहिते. डीपीच्या मीटरवरून किती युनिट गेली आणि तिच्यावरच्या ग्राहकांच्या स्मार्ट मीटरांत किती नोंदली, यांतला फरक मॉडेल काढतं. समज, १०,००० युनिट गेली आणि ९,२०० विकली गेली. गळती ८ टक्के. पण खांबावर सीटी, म्हणजे मोठा करंट मीटरला झेपेल इतका लहान करून देणारा करंट ट्रान्सफॉर्मर, १०० बाय ५ चा (१०० अँपिअरचे ५ करणारा) आहे आणि सिस्टिममध्ये २०० बाय ५ नोंदलाय. मग गेलेली युनिट २०,००० दिसतात आणि गळती ५४ टक्के. तारेवर एकही आकडा न टाकता सगळी वस्ती चोर ठरते! दुसरी चूक ग्राहक जोडणीची. डीपी जळते, वायरमन रात्रीत काही घरं शेजारच्या डीपीवर टाकतो, नोंद तशीच राहते. मग एका डीपीवर प्रचंड गळती आणि शेजारच्या डीपीवर चक्क उणे गळती दिसते. उणे गळती कधीच खरी नसते. अशा जोड्या आधी शोध, निम्मी यादी तिथेच गळून पडेल.

उरलेल्या ग्राहकांचे मीटरमधले इव्हेंट पाहा: कव्हर उघडल्याची नोंद, फेज आणि न्यूट्रलच्या करंटमधली तफावत. नुसता वापर घटला एवढ्यावर पथक पाठवू नकोस. घर बंद असेल, छतावर सोलर बसलं असेल. वीज कायद्याचं चोरीचं कलम १३५ लागलं तर माणसाला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. मशीनच्या यादीला पुरावा समजायचं नाही, तपासणी कुठून सुरू करायची तेवढंच तिने सांगावं.

मोठ्या रोहित्रांच्या तेलातल्या वायूंवरून बिघाड ओळखणारी मॉडेल खरोखर उपयोगी आहेत. ॲसिटिलीन म्हणजे आत ठिणगी, इथिलीन म्हणजे तेल फार तापलंय. फक्त टॅप चेंजरचं, म्हणजे रोहित्राचं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या भागाचं, तेल मुख्य टाकीत झिरपलं तरी ॲसिटिलीन दिसतं, तेव्हा आधी त्याचं सील तपासायला सांग. आणि नमुन्याच्या सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला असेल तर ते वाचन सोडून दे.

पडताळणीला लाइनवर जाशील तेव्हा सेफ्टी शूज घाल. स्क्रीनवर फिडर बंद दिसला तरी एखाद्याच्या जनरेटरमधून वीज उलटी आलेली असू शकते, ती स्क्रीनला दिसत नाही. कामाचं परमिट मिळालं, एबी स्विच (लाइन तोडणारा खांबावरचा स्विच) उघडला, टेस्टरने लाइन मेलेली पाहिली आणि दोन्ही बाजूंना अर्थिंग लागलं, हे वायरमनने सांगेपर्यंत खांबापासून लांब उभी राहा.

तुझी,
आई